घरचा कज्जा

उन्हाळ्यात हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात सावलीवरून भांडणं होतात. १९९९ सालच्या वैशाखात बाळकृष्ण आणि विठ्ठल हे दोन हातगाडीवाले धान्याच्या दुकानासमोर एकमेकांची गचांडी धरून उभे राहिले, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सटवाजीअण्णाला बोलवा की!"

सटवाजी पोत्यांची थप्पी तशीच टाकून आला. पन्नाशीचा, सडपातळ, डोक्याला पांढराशुभ्र पटका. त्याने आधी दोघांकडे आणि मग आभाळाकडे बघितलं.

"सकाळची सावली कुठल्या अंगाला?"

"मावळतीच्या," विठ्ठल म्हणाला.

"आन् दुपारनंतर?"

"उगवतीच्या."

"मग एकानं मावळतीला गाडी लावायची, एकानं उगवतीला, आन् दिवसभर जागा सोडायची न्हाय. अर्धा दिवस ह्याला, अर्धा दिवस त्याला. सूर्य वाटणी करूनच फिरूलाय, तुमीच त्याच्या मागनं पळूलाय."

सगळे हसले. भांडणारेही हसले. "कोर्टात गेले असते तर सावली वकिलाला मिळाली असती," चहावाला म्हणाला, आणि सटवाजीच्या हातात आपणहून कप ठेवला.

अशी त्याची कीर्ती होती. अळणावरच्या बाजूच्या खेड्यांतून त्याची माणसं दोन पिढ्यांपूर्वी हुबळीत हमालीला आली आणि एकाच गल्लीत राहिली. येताना त्यांनी आपली देवी आणली, तसं आपलं दैवही आणलं. पंचांच्या बैठकीला ते दैव म्हणत. दर अमावास्येला देवळाच्या कट्ट्यावर पाच पंच बसत, आणि जमिनीपासून सोडचिठ्ठीपर्यंतचा कज्जा त्याच दिवशी निकाली निघे. ना वकील, ना तारखा, आणि बोलणं आपल्या भाषेत. उच्चवर्णीयांच्या घरी विधवेचं केशवपन होत होतं त्या काळातही या दैवाने विधवांचे पाट लावून दिले होते. नवरा-बायकोचं जमेना तर पंचांसमोर गवताची काडी मोडली, की दोघं मोकळी.

सटवाजी या पाचांतला सगळ्यात तरुण पंच. काही वर्षांपूर्वी एका पंचाने स्वतःच्या पुतण्याकडे झुकता निकाल दिला आणि प्रकरण कोयत्यांवर गेलं. त्यानंतर सटवाजीनेच नियम सुचवला होता. कज्जा पंचाच्या घरचा असेल तर त्याने पटका उतरवून कट्ट्याखाली बसायचं, आणि त्याने किंवा त्याच्या भावकीतल्या कुणीही तोंड उघडायचं नाही. थोरले पंच भीमसेनअण्णा तेव्हा म्हणाले होते, "धारवाडच्या जज्जाला असं सुचलं नसतं."

त्या दिवशी सटवाजी घरी आला तेव्हा त्याची मुलगी अनिता उंबऱ्यावर बसली होती. बाजूला कपड्यांचं गाठोडं. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"कधी आलीस गं?"

सखूबाईने, तिच्या आईने, पदर हळूच बाजूला केला. तळहात फोडांनी सुजला होता आणि मनगटाजवळ तव्याच्या कडेचा काळपट चंद्र उमटला होता.

"अभिषेकनं?" त्याने जावयाचं नाव घेतलं.

"भाकरी करपली म्हणाला," अनिता म्हणाली. "मग हात दाबून धरला. अप्पा, मी परत जात न्हाय. काडी मोडून द्या मला."

"देतो," सटवाजी म्हणाला. "अमावास्येला कज्जा घालू. पंच हात बघतील आन्..."

"पंचांपुढं हिचं बोलणार कोण?" सखूबाईने विचारलं.

"कोण म्हंजे? मी हाय की—"

आणि तो थांबला.

बाईने दैवापुढे बोलायचं नाही, हा नियम त्याच्या आज्याच्याही आधीचा होता. तिचं म्हणणं बापाने मांडायचं, बाप नसला तर भावाने किंवा चुलत्याने. काडीसुद्धा तिच्या बाजूने तोच मोडणार. आजवर या नियमाने सटवाजीचं काही अडलं नव्हतं, म्हणून त्याने त्याकडे कधी निरखून बघितलंच नव्हतं. आता त्याचा स्वतःचा नियम त्या जुन्या नियमाला येऊन भिडला होता, आणि दोन्हींच्या फटीत त्याची मुलगी अडकली होती. हिच्यासाठी बापाने बोलायचं आणि या बापाने बोलायचं नाही.

"तुमी पंचपण सोडा," सखूबाई म्हणाली.

तो संध्याकाळीच भीमसेनअण्णांकडे जाऊन आला. अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "अभिषेकनं सकाळीच कज्जा घातलाय, बायको पळाली म्हणून. कज्जा घातला तेव्हा तू पंच होतास. आता पटका उतरवून काय उपयोग? नियम तुझाच हाय, सटवाजी. मोडलास तर उद्या कोण मानील?"

"मग पोलिसांत जाऊ," घरी आल्यावर अनिता म्हणाली.

सटवाजीने मान खाली घातली. गल्लीच्या टोकाच्या घरात सुशीला राहत होती. तिच्या लेकीला, यमुनेलाही नवरा असाच मारायचा. दैवाने तिला दोनदा नांदायला परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेली ती विहिरीतच सापडली. सुशीला पोलीस ठाण्यात गेली आणि दैवाची अब्रू वेशीवर टांगली म्हणून पंचांनी तिला वाळीत टाकलं. तिच्या दारात कुणी जायचं नाही, तिच्या घरचं पाणी जो पिईल तोही जातीबाहेर. तो निकाल वाचून दाखवला होता सटवाजीने. त्यानंतर त्या दारावरून जाताना तो नेहमी रस्त्याच्या पलीकडून चालत असे.

अमावास्येला दुपारी बाजार लवकर उठला. कट्ट्यावर घोंगडी अंथरून तिच्यावर गवताची काडी ठेवली. देवळाच्या मागच्या अंगाला बायका बसल्या. त्यांना ऐकू येई, दिसत नसे. सटवाजीने पटका उतरवून कट्ट्याच्या कडेला ठेवला आणि खाली पायरीपाशी बसला. उघड्या डोक्याला ऊन लागत होतं.

अभिषेक दाजीबानपेठेतल्या एका कापडदुकानात गठ्ठे बांधत असे. केस चापून बसवून, इस्त्रीचा सदरा घालून तो उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नाला हात जोडून कानडीत "हौद्री, हौद्री", म्हणजे होय जी, करू लागला.

"बायकोला मारलास?"

"संसार म्हंजे भांड्याला भांडं लागतंय की, अण्णा. तवा तापला होता, तिचा हात लागला. मी तर नांदवायला तयार हाय. काडी कशाला मोडू?"

"मुलीकडनं कोण बोलतंय?" भीमसेनअण्णांनी विचारलं.

हा रिवाजाचा प्रश्न होता. तो तीनदा विचारायचा असतो. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा भाऊ चुळबुळला, पण तोही भावकीतलाच. तिसऱ्यांदा विचारल्यावर देवळामागून आवाज आला.

"माझ्याकडनं मी बोलणार!"

बायकांतून उठून अनिता पुढे आली होती. फोड फुटलेला तळहात तिने कट्ट्यासमोर उघडा धरला.

"नुसतं लागलं तर बोटाला लागंल. अख्खा तळवा कसा भाजला, तेवढं विचारा ह्याला."

"सुम्म बस, गप!" एक पंच ओरडला. "बाई बोलूलीया दैवापुढं!"

"सटवाजीची पोर न्हवं? घरात वळण दिसत न्हाय," मागून कुणीतरी टोमणा मारला.

हाताकडे कुणी बघितलं नाही. भीमसेनअण्णांनी तर डोळे मिटूनच घेतले होते. त्यांनी तसेच मिटलेल्या डोळ्यांनी निकाल सांगितला. मुलीकडून कुणी बोललं नाही, सबब कज्जा एकतर्फी. अभिषेकने देवीपुढे नारळ फोडून पुन्हा हात उचलणार नाही अशी शपथ घ्यावी. मुलीने आजच्या आज नांदायला जावं.

यमुनेच्या वेळचाही निकाल हाच होता. नारळसुद्धा तोच.

अनिता क्षणभर उभी राहिली. मग वळली आणि चालू लागली. अभिषेकला वाटलं, गाठोडं आणायला निघाली. पण बापाचं घर मागे टाकून ती तशीच पुढे गेली आणि गल्लीच्या टोकाला थांबली.

"सुशीलाक्का, पाणी दे मला."

सुशीला दारात तांदूळ निवडत होती. ती दचकून उठली. "खुळी झालीस काय? बघूलेत सगळे."

"बघूदेत. मला वाळीत टाकलं की मग दैवाचा निकाल मला लागतोय कुठला?"

सुशीलाने एकदा कट्ट्याकडे बघितलं आणि आत जाऊन तांब्या आणला. अनिताने डाव्या हाताने तो तोंडाला लावला.

कट्ट्यावर एकच गलका उठला. सखूबाई रडत मुलीच्या मागे धावली. गलका शमल्यावर भीमसेनअण्णा खाली पायरीकडे वाकले.

"सटवाजी, पटका घाल. हा आता तुझ्या घरचा कज्जा न्हाय, जातीचा झाला. वाळीत पडलेली पोर कुणाच्याच घरची नसते. म्हणून तुला आता बोलता येतंय. पंच म्हणून बोल. टाकायची ना बाहेर?"

सटवाजी उठला. पटका हातात घेतला, पण डोक्याला बांधला नाही.

"म्हंजे माझी लेक होती तवर मला तोंड न्हवतं," तो सावकाश म्हणाला, हिशेब पुन्हा पडताळून बघावा तसा. "आन् लेक न्हाय म्हटल्यावर तोंड मिळालं?"

"नियम तुझाच—"

"माझाच हाय. चुकला. कुणाकडं झुकू नये म्हणून केला, आन् आपल्यात बाई बी हाय, हे ध्यानातच घेतलं न्हाय. अण्णा, तिनं हात दाखवला तवा डोळे का मिटलेत? बघितलं असतं तर काडी मोडाय लागली असती, म्हणून?"

सटवाजीने घोंगडीवरची गवताची काडी उचलली, सगळ्यांदेखत मोडली, आणि दोन्ही तुकडे अभिषेकच्या इस्त्रीच्या खिशात घातले. मग पटका कट्ट्यावर सोडून तो गल्लीच्या टोकाकडे चालू लागला. यावेळी रस्त्याच्या पलीकडून गेला नाही.

सुशीलाच्या दारात येऊन त्याने ओंजळ पुढे केली.

"पाणी दे, सुशीला."

सुशीलाने तांब्या छातीशी धरला. एवढ्या वर्षांत तिच्या दारात पाणी मागायला आलेला हा पहिला पुरुष होता. आणि तिचा निकाल वाचणाराही हाच होता.

"तुज्या लेकीसाठी आलास," ती म्हणाली. "माज्या लेकीच्या वेळी पटका घालून वर बसला होतास. निकाल वाचलास तवा तिचं नाव बी घेतलं न्हाईस. 'सदर मुलगी' म्हणालास."

सटवाजीची ओंजळ तशीच रिकामी राहिली होती. तो वळला. इथून कट्टा लांब होता, पण दुर्गदबैलात गर्दीवरून हाक मारण्याची सवय असलेला त्याचा आवाज थेट देवळापर्यंत गेला.

"यमुना!" तो म्हणाला. "सुशीलाच्या लेकीचं नाव यमुना होतं. तिला आपण मारलं. हे आधी निकालात घाला, मग जातीतनं माझं नाव काढा!"

कट्ट्यावरचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. देवळामागे बसलेल्या बायका मात्र उठून पुढे आल्या होत्या. एवढी वर्षं फक्त ऐकू येणारा तो कट्टा त्या पहिल्यांदाच समोरून बघत होत्या. त्यांतल्या एका तरुण बाईने आपल्या दंडावरचा पदर सरळ केला, थोडा घुटमळला तिचा हात, आणि मग तिने तो पदर काढूनच टाकला. दंडावरचे माराचे वळ आता सगळ्यांना दिसत होते.

सुशीलाने तांब्या कलता केला.