काकांचा पाय

"गाडीला काही झालेलं नाही, ताई. काकांचा पाय आता पहिल्यासारखा राहिला नाही, इतकंच."

मिस्त्रीने हे हात पुसता पुसता काकांच्या मुलीला सांगितलं, आणि काका तिथेच उभे होते. त्यांनी तरुणपणी हौसेने घेतलेली ती दोन सीटची स्पोर्ट्स कार हल्ली सिग्नलला थांबली की बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. थोड्याच दिवसांपूर्वी मिस्त्रीने तिच्या इंजिनचा जळालेला कॉम्प्युटर बदलून दिला होता. पण स्वतःच्या कामावर शंका घ्यायची या गृहस्थाला सवयच नव्हती. गॅरेजभोवती, कुठे न थांबता, गाडीची एक चक्कर मारून त्याने निकाल देऊन टाकला. मुलीने किल्ली कपाटात ठेवून दिली.

पुढे तिचाच फोन आला. "गाडी घेऊन जा आणि चांगलं गिऱ्हाईक बघा. बाबा आता जिनासुद्धा माझा हात धरून उतरतात. पायावर भरवसा नाही म्हणतात."

मिस्त्री गाडी घेऊन निघाला आणि पहिल्याच सिग्नलला ती त्याच्या पायाखाली बंद पडली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये येऊन त्याने सीटमागचा कॉम्प्युटर काढून जळालेल्या जुन्याशेजारी ठेवला. डबा तसाच, सॉकेट तेच, नंबरही तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. कंपनीने नंतरच्या गाड्यांत वेगळा सेन्सर घातला होता आणि ही आवृत्ती त्यांच्यासाठी होती. काकांच्या गाडीत सेन्सर जुना. ॲक्सिलरेटरवरून पाय उचललेला या डब्याला कळतच नव्हता, म्हणून गाडी थांबली की तो इंजिन चालू ठेवत नव्हता. नवा आहे म्हणजे चांगलाच असणार, असं धरून मिस्त्रीने ते अक्षर वाचायची तसदी घेतली नव्हती.

जुन्या आवृत्तीचा डबा शोधून बसवला की प्रकरण मिटलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. गाडी विकली गेली असती आणि त्याचं नावही शाबूत राहिलं असतं. असा विचार आपल्या मनात यावा, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तसा डबा मिळाल्यावर तो बसवून मिस्त्रीने गाडी काकांच्या घराखाली आणून लावली आणि वर गेला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"काका, तुमचा पाय ठणठणीत आहे. मी चुकीचा कॉम्प्युटर बसवला आणि खापर तुमच्यावर फोडलं."

मुलीला वडिलांकडे बघवेना.

"मला वाटलं होतं गाडीचंच काहीतरी असेल म्हणून," काका म्हणाले. "पण तू एवढा जाणकार. म्हटलं, तू म्हणतोस तर असेल."

याच्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्रीने किल्ली पुढे केली. "एक चक्कर मारून बघा तरी."

काका मुलीचा हात धरून जिना उतरले. गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"तूच चालव."

"अहो काका, पण..."

"नाही रे जमायचं आता. पाय उचलायचा म्हटलं की मला आधी भीतीच वाटते."

मिस्त्रीने गाडी काढली. चौकात सिग्नल लागला. इंजिन संथ, एका लयीत चालू राहिलं.

"छान चाललीये," काका म्हणाले.

मिस्त्री समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिला.