मानेमागचा हात

आमच्या तिसगावात निकाहाच्या वेळी नवरी बोलत नसे. काझी पडद्याबाहेरून विचारायचे, कबूल? आत कुणीतरी बाई मागून हळूच तिची मान ढकलायची. मान हलली की झालं कबूल. माझी मान मामीनं ढकलली होती. पुढं तलाक आला तो पोस्टकार्डावर, तेव्हा तर मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बहात्तर साली माझ्या भावाच्या, दगडूभाईच्या मुलीचं, जुलेखाचं, लग्न निघालं. नवरीमागं माझ्यासारखी टाकलेली बाई बसणार म्हणून बायकांनी नाकं मुरडली. पण जुलेखा हटून बसली, "माझ्यामागं फुफीच बसंल." फुफी म्हणजे मी, तिची आत्या.

काझीसाहेबांनी विचारलं. मी रीतीप्रमाणं तिच्या मानेवर हात ठेवला.

"फुफी, हात काढ," जुलेखा म्हणाली. मग पडद्याकडं तोंड करून खणखणीत आवाजात, "काझीसाहेब, आधी शर्त लिवा. तलाकचा हक्क मला बी पायजे. फुफीसारखं कार्ड मला नको."

लग्न मोडलं तर सारं गाव मलाच बोल लावणार होतं. नवरदेवाचा चुलता तर उठलाच. "चला रे, वरात माघारी."

"बसा," काझीसाहेब म्हणाले. "शरीयतीत बसतंय हे. कुनी मागतच न्हाई, म्हनून आमी लिवत न्हाई. नवरदेव काय म्हनतोय?"

नवरदेव शहाबुद्दीननं सेहऱ्याची फुलं बाजूला सारली. "लिवा की. मी नीट वागलो तर ती कशाला सोडंल मला?"

आधी आमची शेजारीण साळूबाई हसली, मग पडद्याआडच्या सगळ्याजणी. चुलताही खाली बसला. बिर्याणीचा वास सुटला होता, जाणार कुठं?

शर्त लिहिली, वाचून दाखवली, मग रीतीप्रमाणं तीनदा विचारलं. "कबूल," जुलेखा तिन्ही वेळा म्हणाली, पार आचाऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं. माझा हात तिनं कधी घट्ट धरला होता, मला कळलंच नाही. तिचा तळवा घामानं भिजला होता.

मला रडूही आलं आणि हसूही. "ढकलायचंच नव्हतं, तर मला कशाला गं बसवलंस?" मी हळूच विचारलं.

"भ्या वाटलं, तर धरायला," ती म्हणाली.

त्या दिवशी मी जर्दा, लग्नातला केशरी गोड भात, दोनदा मागून खाल्ला.