चार अंश मागे

मी एक जुना कोनमापक आहे. तळहातावर मावेन एवढा, पितळेच्या चौकटीतला, तळाला चुंबक आणि पोटात एक काटा. मित्रांनो, मला तुम्ही कुठल्याही उतारावर ठेवा, माझा काटा कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही, तो सरळ खाली लोंबतो. त्यामुळे माझ्याखालची वस्तू किती कलली आहे, ते आकड्यांवर बरोबर दिसतं. थोडी फुशारकी वाटेल, पण उतारवयात तेवढी सवलत मिळायला हवी.

माझे आकडे कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी हाताने रंगवले. सातावर आल्या आणि त्यांना शिंक आली, म्हणून माझ्या साताला अजून शेपूट आहे. तिथून मी आलो तो एका गॅरेजमध्ये. हे गॅरेज बहीण-भावाचं. भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला धडा दिल्यासारखं समजावत बसतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. थोरली बहीण मागच्या खोलीतल्या यंत्रांवर लोखंड कापते, घासते. तिला सगळेच ताई म्हणतात, मास्तरसुद्धा.

माझे कामाचे दिवस मजेत गेले. एकदा मास्तर मला एका ट्रकच्या पोटाला चिकटवून विसरले. तीन दिवस मी धूळ खात, दुनिया बघत फिरलो आणि ट्रक परत आला तेव्हा होतो तिथेच होतो. मास्तरांनी आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. मग समोरच्या दुकानात पडद्यावर आकडे दाखवणारं मोठं मशीन आलं, मास्तरांच्या फोनमध्येही कोन मोजायची सोय झाली आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. शेजारी एक तुटका कंगवा होता. त्याच्याशी बोलणार तरी काय?

तिथून मला बाहेर काढलं ते गुरांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीने. डोंगरावरच्या वस्त्यांत शेळ्या-मेंढ्यांना तपासायला त्या एकट्याच जातात. वाटेतले दगड गाडीच्या पोटाला लागायचे, म्हणून मास्तरांनी गाडी उंच करून दिली. पूर्वी स्प्रिंगचे पाटे पुढच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खालून जात होते, ते त्यांनी वर घेतले. गाडी जवळजवळ वीतभर उंच झाली, पण सरळ चालेना.

"मास्तर, परवा गाडी आपोआप दरीकडे निघाली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी माझी दोन लहान पोरं आहेत. आज ही नीट झाली नाही, तर मी वरचा फेरा सोडून देणार. वर साथ आलीय, मला कळतंय. पण त्या वाटेची आता भीती वाटते हो."

मित्रांनो, तुमच्या सायकलचा पुढचा चिमटा थोडा मागे कललेला असतो, म्हणून ती सरळ धावते. गाडीतही चाक ज्या पिनेभोवती वळतं, ती वरच्या टोकाला थोडी मागे कललेली लागते. समोरच्या मशीनमध्ये अशा उंच केलेल्या गाडीचे आकडेच नव्हते आणि ग्रीसने माखलेल्या पिनेवर फोन ठेवायला मास्तरांचं मन होईना. मग त्यांना मी आठवलो. मी मोजून सांगितलं, मागे एक अंश. हवे होते चार.

ताईंनी एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ अशा तीन अंशांच्या दोन लोखंडी पाचरी घडवल्या. मास्तरांनी त्या पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवल्या, गाडी जमिनीवर उतरवली, दोनदा दाबून हलवली आणि मला पुन्हा पिनेवर ठेवलं. मी काटा स्थिर केला. पुढे दोन अंश. म्हणजे गाडी पहिल्यापेक्षाही बेभरवशाची झाली होती.

मास्तरांनी मला दोन टिचक्या मारल्या. मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या चाकावर नेलं, तिथेही तेच. "म्हातारा कामातून गेला," असं म्हणून त्यांनी मला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बोल्ट आवळायला घेतले. मला फार वाईट वाटलं. रागही आला. पण आम्हा मोजणाऱ्यांना आकड्यांपलीकडे तोंड कुठे असतं?

तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आल्या.

"किती आले?"

"चारच असणार. तीस वर्षं पाचरी बसवतोय मी."

"असणार म्हणजे? कोनमापक काय म्हणतोय?"

"तो काहीही म्हणतोय. पुढे दोन दाखवतोय."

"मग आधी त्याला तपास ना. पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकलास वाटतं?"

ताईंनी मला बाहेर काढून पिनेवर ठेवलं, आकडा पाहिला, मग त्याच जागी पाठमोरा फिरवून ठेवला. पहिल्यांदा काटा एका बाजूला दोन अंश गेला, दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूला, अगदी तेवढाच. "हा ठणठणीत आहे, बिघडला असता तर दोन्हीकडे सारखं दाखवलं नसतं," ताई म्हणाल्या. "आता तू खाली जाऊन बघ."

मास्तर गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. मग खालून हसू ऐकू आलं.

"ताई, पाटे ॲक्सलच्या खाली असले की पाचरीची जाड बाजू पुढे. आयुष्यभर तेच केलं. इथे पाटे मीच वर घेतले, म्हणजे जाड बाजू मागे हवी. आणि मीच विसरलो."

"चल, उघड. मी बोल्ट धरते."

पाचरी फिरल्या. मी पुन्हा पिनेवर बसलो. डावीकडे मागे चार, उजवीकडेही मागे चार. मास्तरांनी चाकांची तोंडं फितीने मोजून सरळ केली आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. मास्तर त्यांच्या शेजारी बसले आणि मी मास्तरांच्या शर्टाच्या खिशात होतो. मोकळ्या मैदानात डॉक्टरबाईंनी वळण घेतलं आणि हात सैल सोडले. स्टिअरिंग आपलं आपण सरळ झालं. त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं, मग पुन्हा. पाचव्यांदा तर त्या चक्क गुणगुणायला लागल्या.

"उद्या सकाळी सहाला निघते मी," उतरताना त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की खिशात काटा थरथरला.

तर मित्रांनो, मोजमाप सांगणाऱ्या वस्तू जपा. आपटू नका, तेलकट झाल्या तर पुसून ठेवा. आणि कधी माझा आकडा तुमच्या मनासारखा आला नाही, तर मला फिरवून ठेवा, हव्या तितक्या वेळा तपासा, मला मुळीच राग येणार नाही. फक्त न तपासता ड्रॉवर बंद करू नका. त्या दिवशी मी आत पडलो होतो आणि बाहेर उलट्या पाचरींवर डॉक्टरबाईंच्या गाडीचे बोल्ट आवळले जात होते.