ज्याचं धनुष्य, त्याचाच हात

माझ्या पोरीच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा एकच पालुपद असतं, ‘ताई म्हणतात’. जेवताना पाठ सरळ ठेवायची, ताई म्हणतात. लवकर झोपायचं, ताई म्हणतात. हेच मी वर्षभर सांगत होतो, तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं.

ताई म्हणजे वाईची ज्ञानदा. वय फार तर सव्वीस, अंगानं काडी, डोळ्यांवर चष्मा. इस्लामपूरच्या बाहेर पोरांना धनुष्यबाण शिकवायचा क्लब चालवते. माझी क्रांती तेरा वर्षांची. मी बावीस वर्षं फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी उंब्रजला घरी आलो. वाटलं होतं, आता तरी पोर आपल्या वाट्याला येईल. तर ती दर शनिवार-रविवारी धनुष्य पाठीला लावून इस्लामपूरला. ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं मी एकदा बायकोजवळ बोललो. ती भाकरी थापत म्हणाली, “आन् बीळ कुणी राखलं? तुमी तर लडाखला हुता.” बोलणं खरं होतं, पण माझी पोटदुखी काही गेली नाही.

त्या रविवारी क्लबात निवड होती. सात पोरींतल्या दोघी पुण्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. क्रांती महिनाभर त्याच एका ध्यासात होती, झोपेतही बोटं वाकवायची. मी तिला मोटारसायकलवरून घेऊन गेलो. कराडच्या पुढं वडापावला थांबलो, तर म्हणते, “नगं आप्पा. ताई म्हणतात, नेम धरायच्या आधी तळलेलं खायचं न्हाई.” मी दोन्ही वडापाव खाल्ले.

ग्राउंड म्हणजे ऊस गेल्यावर सपाट केलेलं रान. एका टोकाला टार्गेट, दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ. आम्ही पोचलो तेव्हा ज्ञानदा प्रत्येकीचं धनुष्य तपासत होती. क्रांतीपाशी येऊन तिनं विचारलं, “हात लावू का?” क्रांतीनं मान हलवली, मगच तिनं दोरी चाचपली.

“हे काय?” मी म्हणालो. “शिकवणारानं पण विचारायचं?”

“क्लबाचा नियम हाय, आप्पा,” क्रांती म्हणाली. “ज्याचं धनुष्य, त्याचाच हात. दुसऱ्यानं विचारल्याशिवाय शिवायचं न्हाई.”

मला तो शहरी चोचला वाटला.

प्रत्येक पोरीच्या मागं दुर्बीण घेऊन एक माणूस उभा राहतो आणि बाण कुठं लागला ते तिला सांगतो. तो माणूस पोरीनं निवडायचा. बाकीच्या पोरींनी आई, मामा, चुलता अशी माणसं निवडली. पलटणीत फायरिंगला माझं नाव पहिलं असायचं, त्यामुळं मी दुर्बिणीकडं दोन पावलं निघालोसुद्धा होतो.

“माझ्या मागं ताई,” क्रांती म्हणाली.

मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? त्या काडीएवढ्या पोरीचा मला, दोन पदकं मिळवलेल्या माणसाला, असा हेवा वाटला की कानशिलं तापली.

सरावाचे सहा बाण झाले. सगळे एका जागी, पण मधल्या पिवळ्या गोलाच्या डावीकडं. ज्ञानदा म्हणाली, “वारा आहे. थांबेल आत्ता. साइटला हात लावू नकोस.” कसला वारा? आमच्या टोकाला तरी शेजारच्या उसाचं पातं हलत नव्हतं. नेम धरायची साइटच सरकली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

क्रांती बाण काढायला टार्गेटकडं गेली. ज्ञानदा दुसऱ्या पोरीकडं वळली. धनुष्य स्टँडवर माझ्यासमोर होतं. मी साइटचा बारका स्क्रू दोन वेढे फिरवला आणि साइट उजवीकडं नेली. बंदुकीची गोळी डावीकडं जात असली की मागची साइट उजवीकडं सरकवायची, हे मी झोपेतही करीन. मनाशी ठरवलं, पोरीचे बाण पिवळ्यात बसले की हळूच सांगायचं, ही करामत कुणाची. मग बघू ताई काय म्हणतात.

शिट्टी झाली. क्रांतीनं दोरी ओढली, हनुवटीला टेकवली, सोडली.

“डावीकडं. निळ्यात,” ज्ञानदा म्हणाली.

दुसरा आणखी डावीकडं. तिसरा बोर्ड सोडून मागच्या मातीत गेला. क्रांतीनं दर वेळी वळून बघितलं ते ज्ञानदाकडं. मग ती उजवीकडं नेम धरून मारायला लागली, अंदाजानं, पण फेरी गेली ती गेलीच.

फेरी संपल्यावर ज्ञानदानं विचारलं, “क्रांती, हात लावू का?” साइटजवळ तोंड नेऊन ती बघत राहिली. साइटवर लाल नेलपेंटची खूण होती, काटा तिच्यापासून पार लांब गेला होता. “कुणी फिरवली?”

क्रांतीनं खूण बघितली, मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं.

“मीच, ताई,” ती म्हणाली.

ज्ञानदा “बरं” एवढंच म्हणाली. क्रांतीनं स्वतः स्क्रू फिरवून काटा खुणेवर आणला. आणि मला काय वाटलं असेल? शरम वाटलीच. पण तिच्या आधी, क्षणभर, आनंद झाला. पोर माझ्यासाठी ताईशी खोटं बोलली होती. असला बाप मी.

वारा खरंच थांबला असावा, कारण पुढच्या दोन फेऱ्यांत तिचे बाण पिवळ्यात बसत गेले. माझ्यामुळं बुडालेली फेरी आठवून मला ते बघवेना. ज्ञानदा पाणी प्यायला बाजूला आली तेव्हा मी तिच्यापाशी गेलो.

“मॅडम, साइट मी फिरवली हुती. पोरगी खोटं बोलली.”

“माहीत आहे, काका.”

“तुमी बघितलं?”

“नाही. पण धनुष्याची साइट पुढं असते. बाण डावीकडं गेला तर ती डावीकडंच न्यायची. हे तिला पहिल्या दिवशी शिकवलंय, ती उलटी कधीच फिरवणार नाही.” तिनं बाटलीचं टोपण लावलं. “तिनं तुमच्यासाठी स्वतःवर घेतलं, म्हणून मी गप्प बसले.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी कबुली द्यायला गेलो होतो, आणि जळतच परत आलो. माझी पोर कुठं चुकेल आणि कुठं चुकणार नाही, हे या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

निकाल लागला. क्रांती तिसरी आली, तीन पॉइंटांनी. मातीत गेलेल्या त्या एका बाणात ते तीन पॉइंट होते. ती रडली नाही, सामान आवरत राहिली. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो.

“माझ्यामुळं गेलं, व्हय न्हवं?”

“व्हय,” ती म्हणाली. “तुमच्यामुळंच.”

“मग ताईला खरं का न्हाई सांगितलंस?”

“सगळ्यांफुडं? तुमी पयल्यांदाच आला हुता, आप्पा.”

बावीस वर्षांत साहेबांच्या लय शिव्या खाल्ल्या, एकही इतकी आत गेली नव्हती.

तिनं धनुष्य सुटं करून बॅगेत भरलं, चेन लावली आणि बॅग उचलली. बॅग जड होती, तिचे हात थकलेले. मी सवयीनं हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

“हात लावू का?” मी विचारलं.

क्रांतीनं आधी मान वळवून लांब उभ्या असलेल्या ताईकडं बघितलं. मग बॅग माझ्याकडं दिली.

ते बघणं मला झोंबलं. पण बॅग मी दोन्ही हातांनी घेतली.