पाचरीचं टोक

राजाच्या सोबती-स्वारांचं पथक पाचरीसारखं पुढे निमुळतं होत धावायचं आणि त्याचा नियम एकच: पाचरीचं टोक वळेल तिकडे वळायचं, टोकाच्या पुढे जायचं नाही. दोनशे घोड्यांच्या त्या पाचरीच्या टोकाला नायक देर्दास होता आणि त्याच्या उजव्या हाताला, अर्धा घोडा मागे, त्याचा धाकटा भाऊ मखातास.

"जाळ्याशिवाय रानडुक्कर मारेल त्यालाच मेजवानीत लवंडून जेवायचा मान. तुला ते जमेना, म्हणून अजून पोरांसारखा ताठ बसून जेवतोस," देर्दास म्हणाला. "आज निदान समोरच्या शत्रूतला एखादा इलिरी तरी लोळव."

"तू आधी पोट आवर, दादा. घोडा कण्हतोय तुझा."

हसतहसतच ते सुटले. इलिरींची रांग तीस पावलांवर आली आणि तिकडून फेकलेली बरची देर्दासच्या डोळ्यात घुसली. गडी पडला नाही, आयाळीला मिठी मारून लोंबकळत राहिला. घोडा मात्र बिथरला आणि डावीकडे उधळला. डावीकडे ओढ्याची घळ होती, तीन पुरुष खोल. पाचर मुकाट डावीकडे वळली. मागच्यांना वाटलं, हुकूमच आहे.

मखातास घसा फुटेस्तोवर ओरडला. एवढ्या टापांत कोण ऐकणार? तो वळला असता तर एकटाच गेला असता. देर्दास पडला तरच टोक बदलून त्याच्याकडे येणार होतं. सख्ख्या भावाला पाडायचं की नाही, हे ठरवायला त्याला घोड्याच्या चार झेपा मिळाल्या.

त्यानं देर्दासच्या घोड्याच्या बरगड्यांत भाला खुपसला. दांडा कडकन मोडला. घोडा कोसळला, देर्दास गडगडत पुढे पडला आणि उरल्या डोळ्यानं भावाकडे बघत त्यानं हात वर केला. मखातासनं घोडा उजवीकडे घातला. पाचर त्याच्यामागे वळली, देर्दासला तुडवून.

मग मोडक्या दांड्याच्या बुडाला बसवलेल्या लोखंडी टोकानं त्यानं माणसं मारली. तोंडात, गळ्यात, काखेत. शरण आलेलाही सोडला नाही. हात कोपरापर्यंत रक्तानं चिकट झाले तरी राग उतरेना.

दुपारी म्हातारा स्वार लिम्नायोस मेलेल्या घोड्यापाशी वाकला आणि बरगड्यांतून पातं ओढून काढलं. "हा आपला भाला आहे."

"माझा," मखातास म्हणाला. "दादा जिवंत होता."

"दिसला मला. हात वर होता त्याचा." लिम्नायोसनं पातं गवतावर पुसलं. "माझा घोडाही त्याच्यावरूनच गेला. तू वळलास, आम्ही वळलो."

यानं शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं मखातासला फार वाटलं. म्हाताऱ्यानं मान झुकवून, देर्दासच्या प्रेताकडे हात करत फक्त विचारलं, "नायक, याला कुठं न्यायचं?"