यूदीथचा हात

नेपल्सच्या धोबिणींत माझ्यासारखे दंड कुणाचे नव्हते. ओली चादर मी एका पिळ्यात निथळून काढायचे. म्हणून तर चित्रकार फाउस्तिनाबाईंनी मला बोलावलं. आमच्या चर्चच्या वेदीसाठी त्या यूदीथ काढत होत्या. शत्रूच्या तंबूत शिरून, त्यांच्या सरदाराला दारू पाजून त्याचं मुंडकं कापणारी ती विधवा. आजवर बाईंच्या चित्रांवर सही बापाची असायची. स्वतःच्या नावाचं हे त्यांचं पहिलंच काम.

सरदार म्हणून माझा नवरा तिबेरियो. लग्न न झालेल्या बाईच्या खोलीत परका पुरुष एकटा कसा येणार? जोडीनं आलं की कुणी नावं ठेवायला नको.

तो गादीवर उताणा पडायचा. मी त्याचे केस मुठीत धरून मानेवर बोथट तलवार टेकवायचे.

"अगं हळू, खरंच कापशील!" तो हसायचा.

"हलू नकोस," मी म्हणायचे.

घरी तो मला बडवायचा. इथे मात्र त्याला हलायची सोय नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला फार आवडायच्या.

सणाच्या दिवशी चित्रावरचा पडदा काढला. ते दंड, ते पिळलेलं मनगट, सगळं माझं होतं. पाणवठ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. मासळीबाजारात तिबेरियोचं जगणं मात्र हराम झालं.

"काय रे, मुंडकं आणलंयस ना आज? की बायकोकडेच राहिलं?"

काही दिवस त्यानं ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी घरी येऊन दार लावलं, माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वर टाच हाणली.

हाड वाकडंच सांधलं, दंड सुकला, धुणी सुटली. मी मोठ्या पाद्रीबाबांकडे गेले.

"नवऱ्याचं बाजारात हसं केलंस," ते म्हणाले, "आणि वर गाऱ्हाणं घेऊन आलीस?"

त्यांना हाताचीच काळजी होती, पण चित्रातल्या. यूदीथला बळ देवानं दिलं, मग असले दांडगे दंड कशाला? बारीक करा, नाहीतर चित्र उतरवतो, असं त्यांनी फाउस्तिनाबाईंना बजावलं.

बाई माझ्या दारात आल्या. नजर जमिनीवर.

"कार्मोझिना, एकदा येशील? हात... आता आहे तसाच हवाय त्यांना."

"आणि नाही आले तर?"

"चित्र काढून टाकतील. माझं नावही जाईल."

"माझं काय काय गेलं, विचारलंत?"

त्या रडल्या. विचारलं मात्र नाही.

तरी मी गेले. त्यांच्या नावासाठी नव्हे. चित्र उतरलं असतं तर तिबेरियोचं कापलेलं मुंडकंही उतरलं असतं, आणि ते मला तिथेच हवं होतं, साऱ्या गावासमोर.

आता दर रविवारी तिबेरियो पहिल्या रांगेत बसतो. आधी तोंड लपवून मागे उभा राहायचा. परवा वर बोट दाखवून शेजाऱ्याला म्हणाला, "बघ की, त्या काडीसारख्या हातानं कोंबडीची मान तरी कापली जाईल का?"

दोघंही हसले. मी वर पाहिलं. खरंच कापली गेली नसती.