टाळाची गाठ

मेहकरच्या शरच्चंद्रभाऊंनी लाकडावर नक्षी कोरायचं घरगुती यंत्र मागवलं, ते देवळासाठी चौरंग करायचा म्हणून. सोमवारी सप्ताह बसणार, आणि यंत्राला गोल सांगितला की ते अंडं कोरायचं. आठ दिवस भाऊ स्क्रू आवळत होते, कंपनीतल्या मुलीशी फोनवर भांडत होते. मलकापूरहून आपल्या टेम्पोत खोकं आणणारा सहदेव, म्हणजे कीर्तनात वीस वर्षं भाऊंच्या शेजारी उभा राहणारा टाळकरी, रोज येऊन म्हणायचा, "कंपनीच चोर हाय, भाऊ. सोडू नका तिले."

शनिवारी भाऊंनी खालचा पत्रा उघडला. मोटर धरणारी पट्टी तुटली होती आणि कुणीतरी ती लाल सुती दोरीनं बांधली होती. गाठ पाहून भाऊंचे हात थांबले. असा डावखुरा, दुहेरी फास पंचक्रोशीत एकटा सहदेव मारतो, टाळांच्या दोरीला.

"टेम्पोतून पडलं काय बे?" भाऊंनी चहा पीत बसलेल्या सहदेवाला विचारलं.

सहदेव खाली पाहू लागला. "हाव. राजूरच्या घाटात. सांगनारच होतो..."

"त्या पोरीले मी आठ दिवस खोटारडी म्हनत राह्यलो, अन् तू इथं चहा पेत ऐकून राह्यला होता?"

भाऊंनी फोन लावून आधी त्या मुलीची माफी मागितली. नवी पट्टी येईस्तोवर चौरंग काही होणार नव्हता.

संध्याकाळी कीर्तनाला भाऊ मुद्दाम दुसऱ्या टोकाला उभे राहिले. टाळ हातात घेतले, तर त्यांच्याही दोरीला तीच गाठ. सोडवायला गेले, पण सहदेवाची गाठ अशी थोडीच सुटते!